फक्की

दोन महिने झाले, कवितेची एक ओळ लिहिलेली नाही. अंकासाठी कविता मागायला आमचा संपादक दोस्त वस्तीत आला तेव्हा मी मैदानावर वाकून ओळीच ओढत होतो. फक्कीच्या. तो दगडावर बसला, बिडी संपवली आणि म्हणाला, ‘हेच लिहून दे.’ म्हणून हे लिहितो आहे. यात कविता शोधू नका. हिशेब आहे.

शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर ज्या टेबलापुढं मला अजून दहा वेळा उभं राहायचंय त्या टेबलामागचा साहेब ओळखू येईल. मागांचं आणि गिरण्यांचं शहर आहे एवढं पुरे. मी सूतगिरणीत रिंग खात्यात डॉफर. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या घालायच्या. दर आठवड्याला पाळी बदलते. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. रडगाणं म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं या पाळीवर टांगलेलं आहे म्हणून सांगितलं.

वस्तीच्या मागं एक मोकळी जागा आहे. शहराच्या नकाशात तिला हिरवा रंग दिलाय आणि आत ‘क्रीडांगण’ असं छापलंय. तो नकाशा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. प्रत्यक्षात निम्म्या जागेला भिंत, भिंतीला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप आणि किल्ली एका जुन्या मंडळाच्या चिटणीसाच्या घरी. मंडळ वाईट नाही. त्यांची पोरं जिल्ह्याला, राज्याला खेळून आलीत. पण आमचं पोरगं चेंडू आणायला भिंतीवरून आत उतरलं तर त्याला आधी ‘कुणाचा रं तू?’ असं विचारलं जायचं, चेंडू नंतर. भिंतीबाहेरचा निम्मा भाग आमचा. म्हणजे बाभळीचा, फुटक्या बाटल्यांचा, रात्री ट्रॅक्टरनं आणून ओतलेल्या राडारोड्याचा आणि अंधार पडल्यावर बसणाऱ्यांचा.

शहर खेळासाठी काही करत नाही असं कुणी म्हणू नये. करतं. निवडणूक जवळ आली की बॅटी येतात, स्टंप येतात. छातीवर पुढाऱ्याचा चेहरा छापलेले टी-शर्ट येतात, दोन धुण्यांत चेहरा फिका पडतो. रात्रीचे सामने होतात, चषकाला नाव असतं, लाइट असते, कर्णा असतो. समाजमंदिराच्या कडेला खुली व्यायामशाळा बसवली. सहा यंत्रं. पहिल्या पावसाळ्यात त्यांचे बेअरिंग गेले. आता पाय चालवायच्या यंत्रावर गोधड्या वाळतात आणि हात ओढायच्या यंत्राला शेळी बांधतात. बायांनी त्या लोखंडाचा उपयोग तरी केला. वस्तू द्यायला सोपी असते. वस्तूचा फोटो निघतो. वेळ द्यायला कुणी येत नाही, कारण वेळेचा फोटो निघत नाही.

आणि आमची अडचण वेळेचीच होती. शाळा पाचला सुटते. बाप मागावर, आई कांड्या भरायला नाहीतर धुण्याभांड्याला. साडेसातशिवाय घरात मोठं माणूस नाही. पाच ते साडेसात, हे अडीच तास. याच अडीच तासांत सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन रुमालावर घेऊन हुंगायला आमची पोरं शिकली. गेल्या उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या घरातला सहावीतला पोरगा मला गटारीच्या कट्ट्यावर तसा सापडला. डोळे उघडे, पण बघत काहीच नाही. मी त्याला उचलला तेव्हा तो हसत होता. त्या हसण्यानं मला दोन रात्री झोप आली नाही. नाहीतर माझ्यासारख्या माणसाला कशाला पाहिजे होती ही शिट्टी? मी स्वतः कधी चांगला खेळाडू नव्हतो. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो आणि पहिल्या चढाईत बाद व्हायचो.

अर्ज लिहिला. भिंतीच्या आतलं मैदान आठवड्यातले तीन दिवस, एक तास, वस्तीतल्या मुलांसाठी मिळावं. तीन प्रती. एकीवर आवक नंबर घेतला. पंधरा दिवसांनी गेलो तर साहेब म्हणाले, ‘ते मैदान मंडळाला चालवायला दिलंय. त्यांना भेटा.’ मंडळाला भेटलो. ते म्हणाले, ‘आम्हाला वरून लेखी आणा.’ पुन्हा कचेरी. असं चार वेळा. चौथ्या वेळी मी घटनेचं पुस्तक पिशवीतून नेलं होतं. अनुच्छेद १५, दुसरा भाग. दुकानं, उपाहारगृहं, सार्वजनिक करमणुकीच्या जागा. विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सरकारी पैशावर चाललेल्या लोकांच्या वापराच्या जागा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, यातल्या कशावरून कुणाला अडवायचं नाही. विहिरीच्या ओळीत करमणुकीची जागा बसलेली आहे, हे मला ते पान दहा वेळा वाचल्यावर कळलं. पाण्यासारखंच हेही लागतं म्हणून बसवलंय.

साहेबांनी पान वाचलं. चांगला माणूस. म्हणाले, ‘अहो, पण तुम्हाला जात बघून कुठं कुणी अडवलंय?’

खरं होतं. कुणीच अडवलं नव्हतं. फक्त किल्ली मिळत नव्हती.

महाडचं तळं असंच होतं. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात पास झाला, सरकारी पैशाच्या पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव नको म्हणून. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं स्वतःचा ठराव केला, तळं खुलं. कागदावर तळं खुलं झालं आणि तीन वर्षं तिथं आमचं माणूस पाण्याला गेलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यायले तेव्हा तो ठराव ओला झाला. मी बाबासाहेब नाही. मी भिंतीच्या आत उडी मारायची हिंमत केली नाही. मी बाहेरच्या राडारोड्याकडं वळलो. याला शहाणपण म्हणायचं की भ्याडपणा, ते अजून माझं मला ठरवता आलेलं नाही.

रविवार धरून सहा रविवार गेले. वीस-पंचवीस जण, बायका धरून. बाभळी तोडल्या, राडारोडा कडेला ओढून त्याचाच बांध केला. काचा वेचल्या. काचा संपतच नाहीत, हे ध्यानात ठेवा. आज वेचल्या की उद्या माती नव्या वर ढकलते. शेवटी चार बोटं माती खणून काढली, वाळू चाळायच्या चाळणीनं चाळली, पुन्हा पसरली, पाणी मारलं. रोलर कुठला? डांबराच्या रिकाम्या पिंपात माती ठासून भरली आणि पोरांनी तो ढकलला. त्या दिवशी जो आनंद झाला तो नंतर कुठल्याही सामन्यात झाला नाही.

माप टाकायला दोरी केली. गिरणीतल्या टाकाऊ सुताची, मावशीनं वळून दिली. मीटरमीटरवर गाठ. इथं पहिलं भांडण. मोठ्या पोरांना पुरुषांचं मैदान पाहिजे, तेरा बाय दहा. मी बारा बाय आठचं टाकलं, बायकांचं आणि लहान गटाचं. मोठी पोरं म्हणाली, ‘आमी काय बाया हाय व्हय?’ मी म्हणालो, बाया आधी, लहानी पोरं आधी, तुम्हाला सात वाजल्यावर. दोघं रागावून गेले ते महिनाभर आले नाहीत. आता सातनंतर तीच दोघं कडेनं नवी ओळ ओढून तेरा बाय दहा करून घेतात आणि जाताना पुसून जातात.

पहिल्यांदा ओळी चुन्यानं मारल्या. सगळेच मारतात. दुसऱ्याच दिवशी पकडीत खाली पडलेल्या पोराच्या डोळ्यात चुना गेला. बादलीभर पाण्यानं डोळा धुतला, नशिबानं वाचला. चुना भाजतो, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग मावशी म्हणाली, ‘आरं, दारात घालतो ती रांगुळी काय वाईट हाय?’ रांगोळी दगडाची. डोळ्यात गेली तर खुपते, भाजत नाही. तेव्हापासून आमची फक्की म्हणजे रांगोळी. दिवाळीत वस्तीतल्या घरोघरून उरलेली गोळा केली. म्हणून आमची मध्यरेषा काही दिवस गुलाबी होती.

मावशीबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. झाडूवाली होती, आता पेन्शनीत आहे. सुरुवातीला पोरी येईनात. आया म्हणायच्या, ‘चड्डी घालून पोरगी नाचवायची न्हाई.’ मी शंभर भाषणं दिली असतील, सावित्रीबाईंपासून सगळी. एक पोरगी आली नाही. मावशीनं एके दिवशी घरातली लोखंडी खुर्ची आणली, मैदानाच्या कोपऱ्यात टाकली आणि लसूण सोलत बसली. बस्स. तिसऱ्या दिवशी चार पोरी आल्या, सलवारीत. आठवड्यानं अकरा. मावशी नियम काही जाणत नाही. निदान रेषेला ती अजून ‘ती आतली लाईन’ म्हणते. पण कुठली पोरगी कुणाबरोबर घरी गेली, कुणाचं पोर आज जेवून आलेलं नाही, कुणाच्या डोळ्यावर सोल्यूशनची धुंदी आहे, हे तिला बसल्या जागी कळतं. सरकारनं क्रीडा अधिकारी नेमायचा झाला तर असा नेमावा.

तरी पोरी रोज येत नाहीत. चार दिवसांनी नळाला पाणी येतं, तेही संध्याकाळीच. त्या दिवशी एकही पोरगी मैदानावर नसते. हंडे कोण भरणार? पहिले दोन महिने मी पोरींना रागावायचो, गैरहजेरी मांडायचो. मग माझ्याच बहिणीनं मला सुनावलं, ‘तू बी घरचा हंडा भरलाईस का कवा?’ आता वहीत पाण्याचा दिवस आधीच आखून ठेवतो. त्या दिवशी मुलांचाच सराव, आणि सराव संपला की प्रत्येकानं घरी जाऊन दोन हंडे. किती जण भरतात ते मला माहीत आहे. थोडे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो आणि चार पानं टाळलं ते सांगतो.

पावसाळ्याच्या तोंडाला रात्रपाळी होती. सकाळी सातला सुटलो, घरात लग्नाचे पाहुणे, झोप झाली नाही. संध्याकाळी मैदानावर आलो तेव्हा डोळ्यांत कापसाची तूस भरल्यासारखं होत होतं. दुपारी पावसाचा एक सडाका येऊन गेला होता. नववीतली एक पोरगी, आमची सगळ्यांत चांगली चढाईपटू, तिनं पायानं माती दाबून बघितली आणि म्हणाली, ‘दादा, वलं हाय. आज नगं.’ मी म्हणालो, ‘काय होत नाही. घ्या.’ का म्हणालो? खेळ बंद ठेवला की ती पस्तीस पोरं माझ्याभोवती कलकलाट करत उभी राहणार, आणि तो कलकलाट मला त्या दिवशी नको होता. एवढंच कारण.

सातव्या-आठव्या चढाईला अकरा वर्षांचा पोरगा मध्यरेषेकडं झेपावला, पाय सरकला आणि पसरलेल्या हातावर पडला. आवाज मी ऐकला. मनगटाच्या वर हात वाकडा झाला होता. आणि मी काय केलं? मी हात धरून सरळ करायला गेलो. पोरगं असं किंचाळलं की भिंतीपलीकडचा सराव थांबला.

भिंतीवरून त्या जुन्या मंडळाचे सर उतरले. ज्यांच्या घरी किल्ली असते तेच. त्यांनी मला बाजूला ढकललं, शब्दशः. ‘हात लावू नका!’ म्हणाले. खोक्याचा पुठ्ठा फाडला, हात जसा होता तसा त्यावर ठेवला, दोन जागी पट्टी बांधली, गळ्यात झोळी अडकवली. स्वतःच्या मोटरसायकलवर मधे पोरगं, मागं मी, असे सरकारी दवाखान्यात नेलं. रांगेत थांबले. रात्री दहाला प्लॅस्टर झालं तोपर्यंत थांबले. जाताना म्हणाले, ‘दमलेल्या माणसानं शिट्टी हातात घेऊ नये.’

पोराचा बाप कंत्राटी गाडीवर कचरा भरतो. मी त्याच्या दारात गेलो तेव्हा मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं प्लॅस्टर बघितलं, म्हणाला, ‘डावा हाय नव्हं? मग शाळा बुडायची न्हाई.’ आणि मला चहा दिला. गिरणीतून उचल घेतली, औषधाला दिली. त्यानं निम्मीच घेतली. पोराची आई अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

तेव्हापासून रोज पाचला आधी मूठभर माती हातात दाबायची. गोळा झाला तर खेळ बंद. मग गोष्टी सांगायच्या, वाचायचं, गुण कसे लिहायचे ते शिकवायचं, पण पाय मातीत नाही. वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढं घरी कोण असतं आणि ते कुठल्या मागावर, कुठल्या गल्लीत सापडेल हे लिहिलं. खोक्यात पुठ्ठे, पट्ट्या. सहा आठवडे तो पोरगा प्लॅस्टर घालून रोज यायचा आणि उजव्या हातानं गुण लिहायचा. इतके नेमके लिहायचा की प्लॅस्टर निघाल्यावरही ते काम त्यानं सोडलं नाही.

सरांशी बोलणं सुरू झालं. एकदा तेच म्हणाले, ‘तुमच्यातली चार पोरं चांगली आहेत. आमच्याकडं पाठवा. आता सगळं मॅटवर आहे, मातीवर किती दिवस खेळवणार? पुढं पाच टक्के नोकऱ्या आहेत खेळाडूंना.’ खोटं काही नव्हतं. २०१४ ला टीव्हीवर प्रो कबड्डी आल्यापासून आमच्या पोरांना मॅट म्हणजे काय ते पाठ आहे. मी विचारलं, ‘आणि बाकीची एकतीस?’ सर म्हणाले, ‘अहो, सगळ्यांना कुठं घेता येतं?’

पाळीवर रात्रभर बॉबिनी काढत मी त्याचाच विचार केला. पालवणकर बाळू आठवले. चांभाराचा पोर. पुण्याला गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, जाळी बांधायची. सरावाला गोऱ्यांना चेंडू टाकता टाकता हात असा बसला की हिंदूंच्या संघालाही त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर उरलं नाही. हात पाहिजे होता. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर ११४ बळी घेतले. कप्तान कधीच केलं नाही. कप्तानी घरात आली ती धाकट्या भावाच्या, विठ्ठलच्या हाती, १९२३ ला. (याच बाळूंनी १९३७ ला काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते हरले. आपल्या लोकांना हे सांगायला अवघड जातं. सांगायला पाहिजे.) बाळूंचं सगळे सांगतात. मी विचार करत होतो तो दुसऱ्याचा. त्या क्लबात रोलर ओढणारे आणखी असतील. त्यांचा हात बसला नाही. त्यांनी संध्याकाळी कुठं खेळावं?

चारांपैकी एकजण गेला. मी अडवला नाही, पाठवलाही नाही. त्याच्या बापानं विचारलं, मी म्हणालो जाऊ द्या. चांगला खेळतो आता. भिंतीच्या आत त्याला कुणी ‘कुणाचा रं तू’ विचारत नाही. सराव सुटला की तो भिंतीवरूनच आमच्या बाजूला उडी मारतो, फाटकातून येत नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

एका रविवारी पोरांना कोल्हापूरला खासबाग दाखवायला नेलं. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधून घेतलेलं मैदान. बशीसारखं खोल, मधे हौदा, की शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही कुस्ती दिसावी. मी हे सगळं समजावून सांगत होतो. गुण लिहिणाऱ्या पोरानं चौफेर बघितलं आणि विचारलं, ‘दादा, हितं किल्ली कुणाकडं आसती?’

मग कुमारांच्या सामन्यांना नाव द्यायचं ठरलं. आमच्या संघाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आहे. वस्तीचंच नाव ते. टेबलावर बसलेला गृहस्थ फॉर्म वाचून हळूच म्हणाला, ‘नाव जरा सर्वसाधारण ठेवलं तर? वर्गणीदार हायत, सगळ्या समाजाचे. नुसतं क्रीडा मंडळ लिवू.’ आवाजात राग नव्हता, विनंतीच होती. मी म्हणालो पोरांना विचारतो. विचारायची वेळ आली नाही. फॉर्म गुण लिहिणाऱ्या पोरानं शाईनं भरला होता, आणि खाडाखोड केलेला फॉर्म चालत नाही असं त्याच फॉर्मवर खाली छापलेलं होतं. ते त्यानं बोट ठेवून दाखवलं.

सामन्याला कर्ण्यावर सगळ्या संघांची नावं आली. आमची पाळी आली तेव्हा ‘संघ क्रमांक सात’ आला. पोरांनी एकमेकांकडं बघितलं आणि मैदानात उतरताना आपलं नाव आपणच ओरडून सांगितलं, तीनदा. मग अकरा गुणांनी हरली. दुसऱ्या डावात लोण चढला आणि दम संपला. समोरच्या पोरांनी पकडी करताना हात आखडते घेतले नाहीत, कंबरेला मिठ्या मारल्या, सामना सुटल्यावर हात मिळवले. शिवाशिवीचाच हा खेळ. आमच्या आज्याच्या वेळी आम्ही शिवलं की समोरचा बाटायचा, इथं शिवलं की तो बाद होतो. पोरांना यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांना अकरा गुणांचं वाईट वाटत होतं. मला त्यांचंच पटलं.

राहिला प्रश्न दुसऱ्या पाळीचा. पहिल्या पाळीत मी तीनला सुटतो, मैदानावर असतो. रात्रपाळीत आता दुपारी झोपल्याशिवाय जात नाही. पण तीन ते अकराच्या आठवड्यात काय? सुरुवातीला तो आठवडा बंदच असायचा, आणि सोल्यूशनच्या रिकाम्या ट्यूबा बांधामागं नेमक्या त्याच आठवड्यात सापडायच्या. मोठ्या पोरांना सांगून बघितलं. ते सातच्या आधी फिरकत नाहीत. एक दिवस तीच नववीतली पोरगी, जिनं माती ओली आहे म्हणून सांगितलं होतं, म्हणाली, ‘मी घेतो की शिट्टी.’ आमच्याकडच्या पोरी ‘घेतो’च म्हणतात.

पोरांनी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी तिनं बाद दिला तर एकानं तिच्या अंगावर माती फेकली. मावशी खुर्चीवरून उठली नाही. नुसतं म्हणाली, ‘बाहीर हो.’ तो अर्धा तास बाहेर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी नेपाळला हरवलं, कप्तान प्रियांका इंगळे. तो सामना या पोरीनं मोबाइलवर सगळ्यांना दाखवला होता आणि तेव्हापासून ती खो-खोचे खांब मागते. दोन खांब. मी अर्ज दिलाय. आवक नंबर मिळालाय.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी दुपारी दोनला मैदानावर पाणी मारतो, म्हणजे पाचपर्यंत माती बसते. ओळी आखतो आणि कामावर जातो. रात्री साडेअकराला परतताना सायकल मैदानाकडून घेतो. बत्तीच्या उजेडात ओळी बघायच्या. मध्यरेषा पुसलेली असली की खेळ झाला. कोपरे पुसलेले असले की पकडी चांगल्या झाल्या. सगळ्या ओळी जशाच्या तशा असल्या की त्या दिवशी कुणी आलं नाही, आणि मग घरी जाताना बांधामागं बत्ती मारून बघायची. मागच्या दुसऱ्या पाळीत एक दिवस ओळी तशाच होत्या. माझ्या पोटात गोळा आला. सकाळी कळलं, नळाला पाणी एक दिवस आधी आलं होतं, आणि पोरांनीही हंडे भरले होते. सगळ्यांनी नव्हे. सातजणांनी. तिनं वहीत नावं लिहून ठेवली होती.

काल रात्री आलो तर माझ्या ओळी पार पुसून गेलेल्या, मातीत गुडघ्यांच्या खुणा. आणि त्याच्या शेजारी, राडारोड्याच्या बांधाला लागून, जिथं आम्ही अजून काचा पुरत्या वेचलेल्या नाहीत, तिथं दुसरं मैदान आखलेलं. ओळी थोड्या नागमोडी. रांगोळी हिरवी, कुणाच्या तरी घरची. आत एकही काच दिसली नाही. बांधाजवळ काचांचा छोटा ढीग आणि त्यावर उलटी पालथी घातलेली फुटकी पाटी, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. दोरी मावशीच्या घरी होती. मी सायकल स्टँडला लावली आणि पावलांनी मोजलं. बारा बाय आठ.